पडद्यावरील अंधार : ग्राफिक्स ड्रायव्हरमधील बदल आणि संगणक पूर्ववत करण्याच्या तंत्रांचा इतिहास (१९८१–२०२४)

बीजसंज्ञा : ग्राफिक्स ड्रायव्हर, व्हीजीए, सेफ मोड, एक्स विंडो, कर्नल मोड सेटिंग, पूर्ववत्करण

प्रस्तावना

संगणकाच्या इतिहासलेखनात वेग, स्मरणक्षमता आणि किंमत या तीन गोष्टींना मध्यवर्ती स्थान मिळाले आहे. यंत्र बिघडल्यावर ते पूर्ववत कसे करावे, या विचाराचा इतिहास मात्र बहुधा तळटिपेत राहिला. ग्राफिक्स ड्रायव्हर बदलल्यानंतर पडदा काळा पडणे हा या दुर्लक्षित इतिहासातील सर्वांत बोलका प्रसंग होय. छपाईयंत्राचा ड्रायव्हर चुकला तर संगणक पडद्यावर तशी सूचना देतो. ध्वनीचा ड्रायव्हर चुकला तरी पडद्यावरील मजकुराच्या आधारे दुरुस्ती करता येते. पडद्याचाच ड्रायव्हर चुकला, तर दोष कळविण्याचे आणि दोष दूर करण्याचे साधन एकाच वेळी हातून जाते. यंत्र आत चालू असते, डिस्कचा दिवा लुकलुकत असतो, कळफलकावरील कळा स्वीकारल्या जात असतात. समोर मात्र अंधार असतो.

या अवस्थेत अनेकदा सुस्थितीतील यंत्र निकामी समजले जाते, किंवा डिस्क पुसून सर्व प्रणाली नव्याने बसविली जाते. त्यात वापरकर्त्याचे लेखन, नोंदी व माहिती विनाकारण नष्ट होते. म्हणून पडद्यामागील जिवंत यंत्रापर्यंत पोहोचण्याची वाट कोणी, केव्हा आणि कोठे राखून ठेवली, हा प्रश्न केवळ तंत्रज्ञांचा राहत नाही. त्या वाटेचा मागोवा घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

ड्रायव्हरपूर्व काळ आणि व्हीजीएची भूमी

आयबीएम कंपनीने ऑगस्ट १९८१ मध्ये पर्सनल संगणक बाजारात आणला, तेव्हा त्यासोबत दोन प्रकारची प्रदर्शन-कार्डे होती. एमडीए हे कार्ड ८० स्तंभ व २५ ओळींचा एकरंगी मजकूर दाखवीत असे. सीजीए हे कार्ड ३२० बाय २०० बिंदूंचे चार रंगांतील चित्र काढीत असे. दोहोंसाठी आजच्या अर्थाने ड्रायव्हर नव्हता. यंत्राच्या रॉममधील बायॉस हा कार्यक्रम अक्षरे पडद्यावर लिहिण्याची मूलभूत सेवा पुरवीत असे, आणि घाई असलेले कार्यक्रम त्यालाही वळसा घालून थेट प्रदर्शन-स्मृतीत लिहीत. १९८४ मध्ये ईजीए आणि १९८७ मध्ये व्हीजीए आले. व्हीजीएचे ६४० बाय ४८० बिंदू व १६ रंग हे प्रमाण त्या काळी प्रगतीचे शिखर मानले गेले; पुढील इतिहासात मात्र त्याला शिखराऐवजी पायाचे स्थान मिळाले. कार्ड कोणत्याही कंपनीचे असो, त्याला व्हीजीएची भाषा समजते, हा भरवसा पुढील दोन दशके टिकला. पूर्ववत्करणाची जवळजवळ सर्व तंत्रे या एका भरवशावर उभी राहिली.

व्हीजीएच्या पुढे मात्र एकवाक्यता संपली. त्सेंग, ट्रायडेंट, सिरस लॉजिक, एस३ अशा उत्पादकांनी अधिक बिंदू व अधिक रंग देणारी कार्डे काढली आणि प्रत्येकाची अंतर्गत रचना निराळी ठेवली. ऑटोकॅड किंवा लोटस १-२-३ यांसारख्या कार्यक्रमांना प्रत्येक कार्डासाठी वेगळा ड्रायव्हर सोबत ठेवावा लागे. या गोंधळावर तोडगा म्हणून व्हेसा या संस्थेने १९८९ पासून बायॉसच्या विस्ताराचे सामाईक प्रमाण घडवावयास सुरुवात केली.

येथे भारतीय लिप्यांचा एक समांतर अनुभव नोंदविणे अप्रस्तुत होणार नाही. कानपूरच्या आयआयटीमध्ये विकसित झालेले आणि पुढे पुण्याच्या सी-डॅक संस्थेने (स्थापना १९८८) प्रसृत केलेले जिस्ट कार्ड हे देखील प्रदर्शनाशी निगडित कार्डच होते. डॉसवरील मजकूरप्रधान कार्यक्रमांत देवनागरीसह अन्य भारतीय लिप्या त्याच्या आधारे दिसत. हे कार्ड नसलेल्या यंत्रावर तोच इस्की मजकूर उघडला, तर अक्षरांच्या जागी रेघा, चौकटी व परकी चिन्हे उमटत. माहिती शाबूत आणि दर्शन मात्र हरपलेले, असा हा अनुभव काळ्या पडद्याचाच सख्खा भाऊ म्हणता येईल. विंडोजने चित्ररूप पडद्याची सूत्रे आपल्या हाती घेतल्यावर या कार्डाचा आधारच सरला.

विंडोज ३.० (१९९०) व ३.१ (१९९२) यांनी प्रत्येक कार्यक्रमाच्या ड्रायव्हरची जागा संपूर्ण वातावरणाच्या एका ड्रायव्हरला दिली. सोय मोठी झाली आणि जोखीमही एकवटली. तथापि विंडोजच्या खाली डॉस शिल्लक होते. चुकीचा ड्रायव्हर निवडल्याने विंडोज उघडेनासे झाले, तर डॉसमध्ये राहून विंडोजच्या निर्देशिकेतील सेटअप चालवावे आणि पुन्हा व्हीजीए निवडावे, एवढे पुरेसे असे. वरचा मजला कोसळला तरी तळमजला उभा राहत होता.

संकालन-वारंवारतेचा धोका

त्या काळी काळा पडदा ही केवळ गैरसोय नव्हती. क्वचित ती प्रत्यक्ष नुकसानीची खूण असे. कॅथोड-किरण नळीच्या मॉनिटरमध्ये इलेक्ट्रॉनांचा झोत ठरावीक गतीने ओळी काढतो. व्हीजीएच्या ६४० बाय ४८० प्रमाणात बिंदूंची गती सेकंदाला २.५१७५ कोटी असते. दृश्य भागाबाहेरची जागा धरून एका ओळीत ८०० बिंदूंचा काळ व एका चित्रात ५२५ ओळी मोजल्या जातात. भागाकार केल्यास सेकंदाला सुमारे ३१,४६९ ओळी आणि सुमारे ५९.९४ चित्रे मिळतात. हेच ३१.५ किलोहर्ट्झ व ६० हर्ट्झ. १०२४ बाय ७६८ बिंदूंचे चित्र ६० हर्ट्झने हवे असेल, तर आडवी वारंवारता ४८ किलोहर्ट्झच्या वर जाते. केवळ ३१.५ किलोहर्ट्झसाठी बनविलेल्या मॉनिटरला असा संकेत मिळाल्यास चांगल्या मॉनिटरचा पडदा काळा होई, आणि संरक्षण नसलेल्या जुन्या मॉनिटरची विद्युत्-रचना तापून जळण्याचा संभव असे.

लिनक्ससाठी एक्स विंडो प्रणालीचे मुक्त रूप पुरविणाऱ्या एक्सफ्री८६ प्रकल्पाची (१९९२) मांडणी-फाइल या दृष्टीने ऐतिहासिक दस्तऐवज ठरते. तीत आडव्या व उभ्या वारंवारतांच्या मर्यादा वापरकर्त्याने स्वतः लिहावयाच्या असत. मॉनिटरच्या पुस्तिकेतील आकडे नीट पाहून भरावेत, अन्यथा मॉनिटरची हानी होऊ शकते, असा इशारा प्रकल्पाच्या दस्तऐवजांत दिलेला असे. पुस्तिका हरविलेल्या वापरकर्त्यापुढे अंदाज बांधणे एवढाच मार्ग उरे.

१९९४ मध्ये व्हेसाने डीडीसी हे प्रमाण प्रसिद्ध केले. त्यान्वये मॉनिटर स्वतःची ओळख व क्षमता १२८ बाइटांच्या ईडीआयडी नोंदीतून संगणकास सांगू लागला. माणसाने पुस्तिका वाचून भरावयाचे आकडे आता यंत्र यंत्राला सांगू लागले. सुधारणा मोलाची होती. परंतु सदोष केबलमुळे किंवा दोन संगणकांत एक मॉनिटर वाटून घेणाऱ्या स्विचमुळे ही नोंद पोहोचली नाही, तर ड्रायव्हर पुन्हा अंदाजावर येई. काळ्या पडद्याची चौकशी केबलपासून सुरू करावी, या साध्या सल्ल्यामागे हे कारण आहे.

पंधरा सेकंदांची संमती

विंडोज ९५ (ऑगस्ट १९९५) मध्ये पडद्याचे बिंदू-प्रमाण बदलताना एक छोटी सूचना दिसे. नवे प्रमाण ठेवावयाचे का, असा प्रश्न विचारला जाई आणि १५ सेकंदांत उत्तर न मिळाल्यास जुने प्रमाण आपोआप परत येई. ही बाब किरकोळ वाटली, तरी तिच्यातील विचार मुळीच किरकोळ नाही. संगणकाच्या व्यवहारात वापरकर्त्याचे मौन बहुतेक वेळा संमती मानले जाते. येथे मौनाचा अर्थ नकार असा धरला गेला. ज्याला काही दिसत नाही त्याला प्रश्नही दिसत नाही, आणि ज्याला प्रश्न दिसत नाही तो उत्तर देऊ शकत नाही, हे गृहीत धरून ही रचना केलेली होती. दुरुस्तीचा भार आंधळ्या झालेल्या वापरकर्त्यावर न टाकता तो यंत्राच्या घड्याळावर टाकणे, ही या संपूर्ण इतिहासातील सर्वांत शहाणपणाची युक्ती म्हणावी लागेल. पुढील तीस वर्षांत ती अनेक प्रणालींनी उचलली. दुर्दैवाने ती बिंदू-प्रमाणाच्या बदलापुरती राहिली. खुद्द ड्रायव्हर बदलल्यावर, विशेषतः यंत्र पुन्हा सुरू होताना, असे घड्याळ क्वचितच लावले गेले.

ड्रायव्हरसाठी दुसरी व्यवस्था होती. विंडोज ९५ मधील सेफ मोड साध्या व्हीजीए ड्रायव्हरवर चाले. विंडोज एनटीची स्थापना करताना आरंभ-यादीत व्हीजीए मोडचा वेगळा पर्याय आपोआप घातला जाई, आणि शेवटच्या यशस्वी आरंभाची मांडणी परत आणण्याची सोयही असे. १९९६ च्या विंडोज एनटी ४.० मध्ये मात्र एक वादग्रस्त बदल झाला. वेगासाठी चित्रांकनाची यंत्रणा व ग्राफिक्स ड्रायव्हर प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, हलविण्यात आले. जुन्या रचनेतही चित्रांकनाची प्रक्रिया कोसळली तर यंत्रणा थांबतच असे, हे खरे. तरीही कार्ड-उत्पादकांनी लिहिलेला कार्यक्रम आता गाभ्याच्या स्मृतीत वावरू लागला, ही बाब नाकारता येत नाही.

पुढील पावले थोडक्यात अशी : विंडोज मी (२०००) मध्ये प्रणाली पूर्वस्थितीत नेण्याची सोय आली, विंडोज एक्सपी (२००१) मध्ये एखादाच ड्रायव्हर मागील आवृत्तीवर नेता येऊ लागला. जानेवारी २००७ मध्ये सर्वसामान्यांसाठी विक्रीस आलेल्या विंडोज व्हिस्टाने ग्राफिक्स ड्रायव्हरची रचना आमूलाग्र बदलून त्याचा मोठा भाग पुन्हा गाभ्याबाहेर आणला. ग्राफिक्स प्रोसेसरने दोन सेकंद प्रतिसाद दिला नाही, तर संपूर्ण यंत्र न थांबविता तेवढाच भाग पुन्हा सुरू करण्याची तरतूदही त्यात होती. तथापि नव्या रचनेसाठी सर्व उत्पादकांना ड्रायव्हर नव्याने लिहावे लागले. व्हिस्टाविषयीच्या अमेरिकेतील एका खटल्यात २००८ मध्ये उघड झालेल्या मायक्रोसॉफ्टच्या अंतर्गत कागदपत्रांनुसार, २००७ मधील एका कालखंडात व्हिस्टा कोसळण्याच्या नोंदींपैकी सुमारे २९ टक्के नोंदी एन्व्हिडियाच्या ड्रायव्हरशी संबंधित होत्या. त्या कंपनीच्या कार्डांचे बाजारातील प्रमाण लक्षात घेतल्याशिवाय या आकड्यावरून तिच्या गुणवत्तेचा निवाडा करणे उचित नाही. परंतु ग्राफिक्स ड्रायव्हर हा संपूर्ण प्रणालीच्या स्थैर्याचा किती मोठा हिस्सा झाला होता, हे त्यातून निश्चित दिसते.

विंडोज ८ (२०१२) ने आरंभ इतका शीघ्र केला, की एफ८ ही कळ दाबून सेफ मोड गाठण्याची जुनी सवय निरुपयोगी झाली. विंडोज १० (२०१५) मध्ये ड्रायव्हर स्वयंचलित अद्ययावतीकरणातून येऊ लागले आणि बदल करणारा माणूस व त्याचे फळ भोगणारा माणूस यांची फारकत झाली. नको असलेले अद्ययावतीकरण लपविण्याचे साधन मायक्रोसॉफ्टला त्याच वर्षी स्वतंत्रपणे द्यावे लागले.

लिनक्स : तळमजल्याची जागा

एक्स विंडो प्रणालीचा जन्म १९८४ मध्ये एमआयटी या संस्थेत झाला आणि तिची अकरावी आवृत्ती १९८७ मध्ये आली. लिनक्सवर ही प्रणाली दीर्घकाळ कर्नलबाहेरील एक कार्यक्रम म्हणून चालली. कार्डाशी थेट संवाद साधण्याचे विशेषाधिकार तिला होते, आणि पडद्याचे प्रमाण ठरविण्याचे कामही तीच करी. कर्नल स्वतः साध्या मजकूर-पडद्यापलीकडे जात नसे. या रचनेचा तोटा असा, की एकाच कार्डावर दोघांचा ताबा चालत असे आणि अदलाबदलीत पडदा लुकलुके. फायदा असा, की चित्ररूप पडदा काळा पडला तरी कंट्रोल, आल्ट व एफ१ या कळांनी मजकूर-पडद्यावर जाता येई, तेथून मांडणी-फाइल दुरुस्त करता येई. कंट्रोल-आल्ट-बॅकस्पेस या कळांनी एक्सचा कार्यक्रम तत्काळ संपविता येई. ऑक्टोबर २००७ च्या उबंटू ७.१० मध्ये ‘बुलेटप्रूफ एक्स’ नावाची सोय आली. एक्स सुरू होऊ न शकल्यास ती साध्या व्हेसा ड्रायव्हरवर निदान निवडीपुरता पडदा उभा करी.

मार्च २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या लिनक्स कर्नल २.६.२९ ने इंटेलच्या कार्डांसाठी ‘कर्नल मोड सेटिंग’ स्वीकारले. त्याच वर्षी रेडिऑनसाठी २.६.३१ मध्ये आणि फेब्रुवारी २०१० मध्ये नूवो या ड्रायव्हरसाठी २.६.३३ मध्ये तीच व्यवस्था आली. पडद्याचे प्रमाण आता कर्नल ठरवू लागले. लुकलुक थांबली, एक्सला विशेषाधिकारांशिवाय चालविणे शक्य होऊ लागले, संगणक झोपेतून जागा होताना पडदा अधिक खात्रीने परतू लागला. या बदलाचे समर्थन योग्यच आहे. परंतु त्याची एक बाजू त्या वेळच्या उत्साहात पुरेशी चर्चिली गेली नाही. मजकूर-पडदाही आता त्याच ड्रायव्हरवर अवलंबून राहू लागला. कर्नलमधील ड्रायव्हर चुकला, तर वरच्या मजल्यासोबत तळमजलाही अंधारात जाई. आरंभीच्या आज्ञेत ‘नोमोडसेट’ हा शब्द जोडण्याची प्रथा येथून रूढ झाली. आरंभ-यादीतील नोंद ‘ई’ या कळेने उघडावी, कर्नलच्या ओळीच्या शेवटी हा शब्द लिहावा आणि एफ१० दाबावे, एवढी ही कृती. तिने ड्रायव्हर दुरुस्त होत नाही. पडदा साध्या प्रमाणावर राहतो आणि दुरुस्तीसाठी हात मोकळे होतात. बदल केवळ त्या एका आरंभापुरता असल्याने त्यातून नवी हानी होत नाही, हा या पद्धतीचा विशेष गुण होय.

एकाच वर्षी, एप्रिल २००९ मध्ये, उबंटू ९.०४ ने कंट्रोल-आल्ट-बॅकस्पेसची सोय मूळ मांडणीतून काढली. चुकून दाबल्यास काम वाया जाते, हे कारण बिनतोड होते. तरीही अनुभवी वापरकर्त्याला अंधारात सापडणारी एक मूठ नाहीशी झाली, हेही तितकेच खरे.

गुप्तता, स्वाक्षरी आणि दोन ड्रायव्हरांचा संघर्ष

लिनक्सवरील काळ्या पडद्याची एक अत्यंत परिचित कथा एन्व्हिडिया कार्डांभोवती गुंफलेली आहे. कंपनीने स्वतःचा बंदिस्त ड्रायव्हर दिला. त्याची मूळ संहिता दिली नाही. नूवो प्रकल्पाच्या स्वयंसेवकांनी २००५-०६ पासून कार्डाचे वर्तन तपासत मुक्त ड्रायव्हर घडविला. एका कार्डाचा ताबा एका वेळी एकच ड्रायव्हर घेऊ शकतो. नूवो आरंभीच्या स्मृती-प्रतिमेतच दाखल होत असल्याने, बंदिस्त ड्रायव्हर बसविणाऱ्याने त्याला निषिद्ध-यादीत घातले नाही किंवा ती प्रतिमा नव्याने बांधली नाही, तर दोहोंच्या ओढाताणीत पडदा काळा राही. नूवो हटविला आणि बंदिस्त ड्रायव्हर दाखल झाला नाही, तरी परिणाम साधारण तोच.

दुसरे कारण कर्नलच्या अद्ययावतीकरणात होते. बंदिस्त ड्रायव्हरचा कर्नलशी जोडणारा भाग प्रत्येक कर्नलसाठी नव्याने संकलित करावा लागतो. हे काम आपोआप करणारी डीकेएमएस ही पद्धती डेल कंपनीने २००३ मध्ये मांडली. संकलन अयशस्वी झाले तर मात्र वापरकर्त्याला त्याचा पत्ता पुढील आरंभाच्या वेळीच लागे. जुना कर्नल आरंभ-यादीत राखून ठेवण्याची वितरणांची रीत अशा वेळी तारक ठरली. २०१२ नंतर सिक्युअर बूट व्यवस्थेने आणखी एक कारण जोडले : स्वाक्षरी नसलेला ड्रायव्हर योग्य रीतीने संकलित होऊनही कर्नल तो दाखल करून घेत नाही. काळ्या पडद्यामागे येथे बिघाड नसतो, तर सुरक्षेचा नियम आपले काम चोख बजावीत असतो. हे ओळखण्यासाठी कर्नलची नोंदवही वाचावी लागते, आणि ती वाचण्यास पडदा लागतो. म्हणूनच जाळ्यातील दुसऱ्या संगणकावरून एसएसएचद्वारे आत शिरण्याची तयारी आधीच करून ठेवणे जाणकार इष्ट मानतात.

जून २०१२ मध्ये लिनस टोरवाल्ड्स यांनी फिनलंडमधील आल्टो विद्यापीठात या कंपनीवर जाहीरपणे अतिशय कडक शब्दांत टीका केली. २०१४ पासूनच्या कार्डांत मूलभूत आज्ञाप्रणालीवर कंपनीची स्वाक्षरी आवश्यक झाली आणि नूवोची वाट अधिकच बिकट झाली. मे २०२२ मध्ये कंपनीने कर्नलशी निगडित भागाची संहिता मुक्त केली. बंदिस्तपणाचे समर्थन व्यापारी स्पर्धेच्या आधारे करता येईल. परंतु दुरुस्तीची किंमत ज्याने चुकविली त्याचा त्या स्पर्धेशी काही संबंध नव्हता.

व्हीजीएनंतरचा पाया

युईएफआय आल्यावर जुना बायॉस मागे पडला आणि त्यासोबत व्हेसाचा जुना विस्तारही. सुमारे पंचवीस वर्षे ज्या भरवशावर पूर्ववत्करण उभे होते, तो भरवसाच जुना झाला. त्याची जागा यंत्राच्या आरंभ-प्रणालीने उभारून दिलेल्या साध्या चित्र-स्मृतीने घेतली. कार्डाची अंतर्गत रचना न जाणता केवळ त्या स्मृतीत चित्र लिहिणारा ‘सिंपलडीआरएम’ हा ड्रायव्हर २०२१ मध्ये लिनक्स ५.१४ सोबत आला. त्याची योग्यता वेगात नाही. खरा ड्रायव्हर हजर नसताना काहीतरी दाखविण्यात आहे. विंडोज १० मध्येही विंडोज, कंट्रोल, शिफ्ट व बी या कळा एकत्र दाबून ग्राफिक्स ड्रायव्हर पुन्हा सुरू करता येतो, आणि आरंभ वारंवार अयशस्वी झाल्यास प्रणाली स्वतःहून दुरुस्तीच्या पडद्याकडे वळते.

कर्नलच कोसळला तर त्याचा शेवटचा संदेश पडद्यावर उमटावा, यासाठीची ‘डीआरएम पॅनिक’ ही सोय लिनक्स ६.१० मध्ये, २०२४ साली दाखल झाली. कर्नल मोड सेटिंग येऊन तोवर पंधरा वर्षे लोटली होती. त्याच वर्षीच्या ६.१२ मध्ये हा संदेश क्यूआर संकेताच्या रूपात दाखविण्याची सोय जोडली गेली. तो संकेत वाचण्यास दुसरे एखादे चालू यंत्र, बहुधा खिशातील मोबाइल, जवळ असावे लागते.